एकोणचाळीस मुलाखती

संशोधन करणाऱ्या त्या मुलीने नावं झाकायचं काम डोळ्यांत तेल घालून केलं होतं. वयस्कर कारागिरांच्या चाळीस मुलाखती, आणि नाव एकाचंही नाही. अहवाल छापायला देण्याआधी ज्याचं पान त्याला वाचून दाखवायचं, हा तिच्या सरांचा दंडक. म्हणून ती आज घड्याळवाल्या मावशींच्या दुकानात स्टुलावर बसून वाचत होती. हे तिचं सगळ्यांत लाडकं पान होतं.

"बाजारात घड्याळं दुरुस्त करणारी एक बाई सांगते, 'उजव्या डोळ्याला आता बारीक स्क्रू दिसत नाही. अंदाजाने बसवते. घरीसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही.'"

मावशींनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "छान लिहिलंयस. आता सांग, या बाजारात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बायका किती?"

एकच. मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. नाव झाकलं आणि माणूस उघडाच ठेवला, तोही एवढं शिकूनसवरून.

"गिऱ्हाइकांना कळलं तर माझ्याकडे घड्याळ कोण देईल? पोटावर पाय येईल गं माझ्या."

"मग मी तुम्हाला शिवणकाम करणारी करते, मावशी."

"ती बसलीय बघ समोर. तिचे डोळे ठणठणीत आहेत. तिचं गिऱ्हाईक कशाला पळवतेस?"

मुलीने पुन्हा पानावर नजर फिरवली. नुसतं 'एक कारागीर' म्हणावं तर तो स्क्रू चहाडी करणार. स्क्रू काढला तर उरतं काय, म्हातारपणी कमी दिसतं, एवढंच. ते कुणीही सांगेल. सरांनी तर याच पानाचं तोंड भरून कौतुक केलं होतं. तिला रडूच आलं. क्षणभर वाटलं, हा अहवाल या बाजारात वाचतंय कोण? पण मुलाखतीआधी मावशींची संमतीची सही घेताना तिनेच छातीठोकपणे सांगितलं होतं, "तुम्हाला कुणी ओळखणार नाही."

तिने पान फाडून तुकडे मावशींच्या हातात दिले. फोनमधलं रेकॉर्डिंग त्यांच्यासमोरच पुसलं.

"कॉम्प्युटरमधलंही घरी गेल्या गेल्या काढते," ती म्हणाली. "मुलाखती एकोणचाळीसच."

मावशींनी तुकडे खणात टाकले. मग उठून त्यांनी दुकानाचं दार लोटून घेतलं, आणि टेबलावरचं उघडं घड्याळ अन् चिमटा मुलीपुढे सरकवला.

"सकाळपासून अडलंय," त्या हळूच म्हणाल्या. "तेवढा स्क्रू बसवून दे. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?"