न बोलावता आलेले मासे

अख्खं बेट समुद्रातल्या खिंडीसमोरच्या खडकांवर लोटलं होतं. खाली होडीत नुकतेच बेटावर आलेले दर्याबाबा उभे. त्यांनी डोळे मिटले, होडीच्या काठावर वल्हं आपटलं आणि साद घातली, "या गं माझ्या लेकींनो!" जाळं ओढलं, तर ठिपक्याठिपक्यांच्या मोठाल्या माशांनी ते फाटायच्या बेतात आलेलं. लोकांनी हात जोडले. माझी वहिनी तर रडलीच, कारण वर्षभर दादाची होडी जवळजवळ रिकामीच परतत होती.

धक्क्यावरचा बर्फाचा कारखाना माझा. मासे आले तरच माझी चूल पेटते, तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. पण सगळे मासे एकाच जातीचे, सगळे पूर्ण वाढलेले, औषधालाही एक पिल्लू नाही, हे मला खटकलं.

ही खिंड आमच्याच मच्छीमार सोसायटीने काही वर्षं मासेमारीला बंद ठेवली होती, ती यंदाच खुली झाली. बंदी आम्ही इतक्या इमानदारीने पाळली, की तिथे काय चालतं हे बघायलाही आमच्यापैकी कोणी फिरकलं नाही. त्या अज्ञानावरच बाबांनी आसन मांडलं. प्रत्येक होडीतली एक भरगच्च टोपली त्यांची.

दुसऱ्या संध्याकाळी जाळी अर्धीच भरली. बाबा गरजले, "माझ्या लेकी कुणीतरी मोजतंय! मोजलेलं धन टिकत नाही!" सगळ्यांच्या नजरा एका खोलीकडे वळल्या. तिथे मोजणीबाई राहायच्या, धक्क्यावर पट्टी घेऊन मासे मोजणाऱ्या संशोधक बाई. त्या आठवडाभर बाहेरगावी होत्या. सकाळच्या लाँचने परतल्या, तेव्हा त्यांच्या दाराची कडी तुटलेली होती, आणि वाटेत एकानेही 'आलात का' म्हटलं नव्हतं.

"बाई, आल्या पावली परत जा," दादा धक्क्यावर सगळ्यांसमोर म्हणाला. "लोक ऐकायच्या मनःस्थितीत नाहीत."

"उद्या जाते. आज बाबांना इथे धक्क्यावरूनच हाका मारू देत. आणि तुम्ही माझ्याबरोबर खिंडीत चला."

"देवाची परीक्षा घेता?" बाबांनी कांगावा केला.

वहिनी भाबडेपणाने म्हणाली, "अहो, लेकीच ना तुमच्या? बापाची हाक कुठूनही ऐकू येईल की त्यांना."

सूर्य बुडताना बाई, दादा आणि मी खिंडीत पोचलो. कोणी वल्हं आपटलं नाही. बाईंनी तळाला काच बसवलेली बादली पाण्यावर टेकवली. दादा तिच्यात वाकून बराच वेळ बघत राहिला.

"खाली जत्रा भरलीय," तो पुटपुटला. "न बोलावता."

"दरवर्षी याच अमावास्येनंतर भरते," बाई म्हणाल्या. "आसपासच्या सगळ्या पाण्यातले मासे अंडी घालायला इथे येतात. चार दिवसांनी खिंड रिकामी. तुम्ही काढताय ते पुढचं बियाणं आहे, दादा."

"पण बाबांना कसं कळलं?"

"गेल्या मोसमात ते आमच्या संशोधनाच्या बोटीवर स्वयंपाकी होते. दाढी तेवढी नवी."

धक्क्यावर बेंबीच्या देठापासून हाका मारून बाबांचा घसा बसला होता. मासा सोडा, एक खेकडासुद्धा आला नव्हता. दादाने सगळं सांगितलं. वहिनीने बाबांच्या टोपलीतला एक मासा चिरला. आत अंडीच अंडी. दुसरा चिरला, तेच. तिने सुरी खाली ठेवली. तेवढ्यात बाबांनी शेवटची लाँच गाठली.

मला वाटलं, सुटलो. पण गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "बाबा खोटा, कबूल. पण मासे तर खरे आहेत ना? आज शेवटचं जाळं टाकू." आणि माना डोलल्या. त्या माना बघून मला बाबापेक्षा जास्त भीती वाटली.

दादा कोणाशी वाद घालत बसला नाही. त्याने आपली होडी नेऊन खिंडीच्या तोंडाशी आडवी लावली, वहिनी त्याच्या शेजारी जाऊन बसली. मागून आणखी दोन होड्या आल्या, तशाच आडव्या उभ्या राहिल्या. बाकीच्या धक्क्याशीच, इंजिनं चालू ठेवून.

चमत्कार दिसला की एवढंच करा: चमत्कार करणाऱ्याला बाजूला बसवा आणि बघा, त्याच्यावाचून काय अडतं. आणि खरं कळलं की त्याप्रमाणे वागा. भोंदूला पळवून लावणं सोपं आहे, त्याने चाळवलेली हाव मागे राहते. समुद्र हाकेने भरत नाही. अंड्यांतून पिल्लं निघू द्याल, तरच भरेल.