सतरा म्हणजे पाच

मी बिघडलेलो नाही. आधी एवढं ऐकून घ्या, बाकीचं मागून सांगतो.

मी भिंतीवरचं आकडेवालं घड्याळ बोलतोय. भिंतीवरचं म्हणायचं ते आपलं सवयीनं. या घरची भिंत माझ्या नशिबी सव्वीस दिवसच होती. गेले पाच महिने मी चारठाण्याच्या पुढच्या एका खेड्यात, काचेच्या कपाटात, कुलपाच्या आड उभा आहे. डाव्या हाताला कधीच चहा न पाहिलेले सहा कप, उजव्या हाताला प्लास्टिकचे गुलाब, आणि मागे या घरच्या मुलाला, भूषणला, धावण्यात मिळालेली तीन पदकं. सोबत बरी आहे, पण बोलायला कुणी नाही. म्हणून म्हटलं, तुमच्याशी बोलावं.

माझा जन्म लांबच्या एका शहरातला. लांबलचक टेबलावर बायांनी माझे भाग जोडले, पोटात दोन पेन्सिल सेल घातले आणि माझ्या तोंडावर चार शून्यं उमटली. ००:००. मग छावणीच्या फाटकासमोरच्या एका दुकानात आलो, आणि तिथून मला शिपाई बुद्धभूषण, म्हणजेच या भूषणनं, उचललं. त्यानं माझ्या पाठीवरचं एक बटण दाबलं आणि मला बारा तासांतून चोवीस तासांत घातलं. तेव्हापासून मी चोवीसचाच.

बराकीत माझे दिवस मजेत गेले. तिथं 'सकाळचे का संध्याकाळचे' असं कुणी विचारत नाही. रात्रीचे बारा म्हणजे शून्य. तिथून एक, दोन करत दुपारचे बारा. आणि तुम्ही माणसं जेवणं झाली की पुन्हा एकावर येता ना, तसं तिथं येत नाहीत. तेरा, चौदा, पंधरा असं पुढंच जायचं, थेट तेवीसपर्यंत. एक दिवस, एकच मोजणी, भानगड नाही. भूषण अंथरुणातून माझ्याकडे बघायचा आणि उठायचा. माझ्याकडे बघून कुणी कधी हसलं नव्हतं.

हसले ते इथं आल्यावर. सुट्टीवर येताना भूषणनं मला घरी आणलं, आईला भेट म्हणून. बॅगेत बुटाची टाच माझ्या पाठीवर बसली आणि ते बारा-चोवीसचं बटण आत गेलं, ते आतच राहिलं. भूषणनं खूप खटपट केली. पण मी चोवीसात अडकलो तो अडकलोच.

भूषणची आई सत्यशीलाबाई अंगणवाडीत मदतनीस. मालक गेल्यावर दोन लेकरं एकटीनं वाढवलेली, सरळ मनाची, तोंडानं फटकळ बाई. भर दुपारी अंगणवाडीतून आल्या, भिंतीवर मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं माय! पंधरा वाजले? ह्येचे तर तीन तेरा वाजलेत रे!"

"माय, पंधरा म्हणजे तीन. बारा वजा करायचे," भूषण हसत म्हणाला.

"मला नको सांगू तुझं वजाबाकीचं. पंधरा म्हणं! काट्याचं हाय की मपलं, त्येच बरं."

काट्याचं जुनं घड्याळ समोरच्या भिंतीवर टिकटिक करत होतं. म्हटलं, असू दे. पाहुण्यानं पहिल्याच दिवशी वाद घालू नये. पण तेव्हापासून या घरात माझं नाव पडलं, बिघडलेलं घड्याळ.

सव्विसाव्या दिवशी घरात आग पेटली. चुलीतली नव्हे, तोंडाची. भूषणनं जेवता जेवता सांगून टाकलं की डोंगरावरच्या चौकीवर जायला त्यानं स्वतःहून नाव दिलंय. बर्फाची जागा, चार महिने फोन नाही. सत्यशीलाबाईंचा हात भाकरीवरच थांबला.

"कुणी सांगितलं? तुला ढकललं कुणी?"

"कुणी न्हाई माय. मीच दिलं नाव."

"मला इचारलंस? बापाच्या माघारी ह्या हातानं वाढवलं, आन् मला इचारायचं बी न्हाई?" आत होती ती भीती, पण तोंडातून निघाला तो राग. "जा मग. जायचं तर जा. पर परत तोंड दाखवू नको!"

भूषण दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं गेला. बाई दारापर्यंतही आल्या नाहीत. तो गेल्यावर मात्र त्यांनी मला खिळ्यावरून उतरवलं, पदरानं पुसलं, या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावून किल्ली पदराच्या गाठीला बांधली. त्याची वस्तू डोळ्यांसमोर नको आणि नजरेआडही नको, असा तो कारभार. कैद कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

रात्री जेवायला बसलं की बाई घास हातात धरून राहायच्या. एकदा नुसत्याच भिंतीला म्हणाल्या, "आसं कसं बोलले मी? आन् त्यो खरंच न्हाई आला तर?"

दोन आठवड्यांनी समोरचे आबासाहेब आले. त्यांचं घर माडीचं, म्हणून फोनला थोडी रेंज त्यांच्याकडेच. नाहीतर गावात रेंज एकाच जागी, पाण्याच्या टाकीखाली.

"बाई, भूषणचा फोन आलता. दोन वाक्यं बोलला आन् कटला. म्हणला, मायला सांगा, रविवारी सतरा वाजता टाकीखाली थांब, फोन करतो. मग वर जायलोय, चार महिने न्हाई."

बाईंचा चेहरा उजळला. आबासाहेबांनी डोकं खाजवलं. "पर सतरा कवा वाजतेत वो?"

"सतरा म्हंजी सात!" बाई ठणकावून म्हणाल्या. "तेरा म्हंजी तीन, पंधरा म्हंजी पाच, सतरा म्हंजी सात. त्यांच्या पलटनीत म्होरं एक लावतेत. एवढं बी कळंना का मला?"

हाय रे कर्मा! ऐकायला कसं गोड जमलं बघा. सतरा-सात, अठरा-आठ, जशी सख्खी भावंडं. आपल्या आकड्यांची नावंच एका सुरात लावलेली. पंधरा म्हणजे तीन, हे पोरानं याच घरात सांगितलं होतं. पण तेव्हा त्यांनी ऐकलं नव्हतं, आणि मी काचेआड.

रविवार उजाडला. विहारातली वंदना आटोपून बाईंनी घर सारवलं, डोकं धुतलं. फोनवर काय बोलायचं ते दिवसभर पुटपुटत होत्या. "आधी म्हणायचं, लेकरा, ती गोष्ट मनात धरू नको. रागात बोलले मी. मग बाकीचं."

सोळा वाजले. साडेसोळा. बाई माझ्यासमोरच सुपात तूरडाळ घेऊन बसल्या. माझ्यापासून चार हातांवर. सोळा छप्पन. सोळा अठ्ठावन्न. अहो, मी काय करू? मला ना घंटा, ना गजर. असतीच तर काच फोडून वाजलो असतो. फोन त्यांच्या शेजारी चटईवर पडलेला, मुका, घरात रेंज नसलेला. आणि माझ्या तोंडावर आकडे आले. १७:००. सतरा! जसा पोरानं सांगितला तसाच्या तसा सतरा, मोठ्या ठळक आकड्यांत.

बाईंनी मान वर केली. माझ्याकडे नाही, काट्याच्या घड्याळाकडे.

"पाचच वाजलेत. आजून दोन तास हायेत," असं म्हणून त्यांनी डाळीतला एक खडा काढून उंबऱ्याबाहेर टाकला.

सतरा एक. सतरा दोन. सतरा पाच. एकेक मिनिट माझ्याच तोंडावरून चाललं होतं आणि मला ते धरून ठेवता येईना. तिकडं पोरगा फोन कानाला लावून उभा असणार, मागे रांगेत दुसरे उभे असणार. आई फोन उचलत नाही. 'तोंड दाखवू नको' म्हणालेली आई फोनही उचलत नाही. त्याला काय वाटलं असेल? त्या पाच मिनिटांनी माझं आयुष्य खाल्लं.

पुढचं मला बबितानं रात्री सांगितलं. म्हणजे आईशी बोलत होती ते मी ऐकलं. बबिता ही भूषणची धाकटी बहीण, परभणीला कॉलेजात शिकते, त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं आली आणि तडक टाकीकडे गेली. बाई साडेसहापासून तिथं बसलेल्या. टाकीखाली जाताच फोनवर संदेश आले होते, पण ते इंग्रजीत असतात म्हणून बाईंनी उघडलेच नाहीत. सात वाजले, साडेसात झाले. बबितानं फोन बघितला आणि तिचा चेहराच पडला.

"माय, दादानं तीनदा केलता फोन. पाच वाजता."

"पाचला कसा करंल? सतरा म्हणला व्हता त्यो!"

"माय... सतरा म्हंजी पाच गं."

घरी आल्यावर बाई जेवल्या नाहीत. कपाटासमोर येऊन उभ्या राहिल्या. माझ्या तोंडावर १९:५२ होते. मग काचेला हात लावून म्हणाल्या, "बिघडलेलं न्हाई त्ये. त्ये बरूबर सांगायलंतं. मीच बघितलं न्हाई." आणि हमसून हमसून रडल्या. पाच महिन्यांत मला कुणी बरोबर म्हटलं ते त्या एकाच वेळी, आणि मला त्याचा काडीचा आनंद झाला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणवाडीतून ओंजळभर चिंचोके आणले, पोरांना मोजायला शिकवायचे तेच. माझ्यासमोर बसून माझ्या आकड्याएवढे मांडायचे, त्यातले बारा बाजूला काढायचे, उरले ते वाजले. चौदा मांडले, बारा काढले, दोन उरले. सोळा मांडले, चार उरले. 'सोळा म्हंजी सहा' तोंडावर आलं की स्वतःच्याच हातावर चापट मारायच्या.

बबिता घरी होती त्या एका दुपारी मात्र गोंधळ झाला. माझ्यावर १२:२० होते. बाईंनी बारा मांडले, बारा काढले आणि रिकाम्या फरशीकडे बघत बसल्या.

"बबे, काहीच उरंना की गं!"

"अगं माय, बारापर्यंत हात लावायचा न्हाई. तेरापासून म्होरं काढायचे."

"आन् शून्य शून्य म्हंजी?"

"रात्रीचे बारा."

"म्हंजी काहीच नसतंय तवा बी बारा वाजतेत. लय गमतीचं हाय बाई पलटनीचं."

हळूहळू चिंचोके लागेनासे झाले. अंगणवाडीतली पोरंही शिकली म्हणे. पाहणीला आलेल्या मॅडमनी वेळ विचारली तर एक चिमुरडी म्हणाली, "तेरा वाजले, खिचडी द्या." बाईंनी हे घरी येऊन सांगितलं आणि पहिल्यांदा मनमोकळं हसल्या. पण रोज सतरा वाजता त्या काम टाकून माझ्यासमोर पाच मिनिटं उभ्या राहायच्या. चार महिने. एकही दिवस चुकला नाही.

गेल्या आठवड्यात आबासाहेब धापा टाकत आले. "बाई, भूषण खाली उतरला! रविवारी साडेपंधरा म्हणला. साडेपंधरा म्हंजी साडेपाच ना?"

"साडेपाच कुठले वो आबासाहेब! साडेतीन!" बाई कडाडल्या. मी काचेआड फुगलो.

रविवारी चौदा वाजताच त्या टाकीखाली जाऊन बसल्या, बबिताला घेऊन. मी इथं एकटा. पंधरा तीस झाले, पंधरा पन्नास झाले. माझं काळीज, असेल ते, दोन सेलांच्या मध्ये अडकलेलं. सोळा वाजून दहा मिनिटांनी दार वाजलं. बाई आत आल्या, भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पदरानं तोंड झाकून घेतलं. मागोमाग आलेल्या शेजारणीला बबिता सांगू लागली.

"दिवसभर काय काय पाठ केलंतं मायनं! आन् फोन उचलल्यावर एकच बोलली, 'तोंड दाखवायला ये रे लेकरा.' तिकडं दादा बी रडायला. मग म्हणला, माय, येत्या रविवारी अठरा वाजता सेलूला उतरतोय. आन् मायनं चिंचोके न मांडता सांगितलं, 'म्हंजी सहा. मी ठेसनावर हाय.'"

अठरा म्हणजे सहा. आठ नव्हे. बाई, जिंकलीस!

मग बबिता कपाटाकडे वळली. "माय, आता तरी काढ ह्याला भायेर. आकडे बघ किती फिके पडलेत. सेल संपायलेत."

बाईंनी पदराची गाठ चाचपली. मला वाटलं, सुटलो. पण त्यांनी मान हलवली.

"त्याच्यावरच्या रागानं लावलंय कुलूप. आता त्याच्याच हातानं निघंल."

"तवर बंद पडलं तर?"

"पडू दे. मला आता त्येच्याबिगर बी कळतंय."

कळतंय, खरंच कळतंय. मास्तराला शाबासकी मिळावी आणि त्याच दमात निरोपही मिळावा, तसं झालं माझं. बरं वाटलं आणि लागलंही.

आज शनिवार आहे. माझ्या तोंडावर आत्ता १८:०० आहेत, पण तुम्हाला कदाचित १०:०० दिसतील. माझे आकडे इंग्रजी, आणि त्यातल्या आठाची मधली रेघ कधी दिसते, कधी नाही. भूषणची गाडी यायला बरोबर चोवीस तास उरलेत. माझी एक पूर्ण फेरी. तो उद्या सेलूला उतरेल, आई फलाटावर असेल, दोघं जीपनं इथं पोचतील तेव्हा वीस वाजतील. मग आईच्या पदराची गाठ सुटेल, पोराच्या हातानं कुलूप निघेल.

तेवढी एक फेरी आणि वरचे दोन तास मला पुरे करू द्या, एवढंच मागणं आहे. आणि तुमच्या घरातलं लांब गेलेलं माणूस कधी सतरा म्हणालं, तर घाईनं सात ऐकू नका. बारा चिंचोके बाजूला काढा. उरतील तेवढ्या वाजता ते तुमची वाट बघत असतं.