विझवण्यापुरता उजेड

जग वाचवायचा मक्ता शहापुरात साईनाथशेठने घेतला होता. आसनगावच्या बाजूच्या टेकड्या बोडक्या करून तिथे बंगल्यांचे प्लॉट पाडून झाले, तेव्हा त्याला निसर्गाचा एकदम पुळका आला आणि त्याने हरित संकल्प मंडळ काढलं. दोन हजार नऊच्या मार्चमध्ये मंडळाला मुंबईच्या एका संस्थेचा निरोप आला, की पृथ्वी तापते आहे, तेव्हा शनिवारी संध्याकाळी साऱ्या जगाने तासभर दिवे बंद ठेवायचे. एखादं गाव निवडा, आम्ही बघायला येतो, फोटो काढतो.

पंचाईत अशी, की तालुक्यात दिवे होते कुठे? भारनियमनाने संध्याकाळभर वीज गुल. विझलेलं पुन्हा काय विझवणार? त्यातून पाहुण्यांना हवी होती अस्सल डोंगरातली वाडी. पण साईनाथशेठचं डोकं असल्या कामात फार चालतं. त्याने लग्नाच्या मांडवाचा जनरेटर भाड्याने ठरवला आणि अशाच एका वाडीत घरोघरी एकेक बल्ब टांगला. त्या वाडीत विजेचे खांब येऊन बरीच वर्षं झाली होती, तारा तेवढ्या यायच्या राहिल्या होत्या. खांबांना लोक बैल बांधत.

शेठने वाडी गोळा करून भाषण ठोकलं. बर्फ वितळतोय, समुद्र चढतोय, असं बरंच सांगून शेवटी शिट्टी वाजली की दिवे विझवा, हेही सांगितलं. वाडीतल्या भिमीच्या कानात मात्र ‘शनिवारी लाइट येणार’ एवढंच शिरलं आणि पुढचं ऐकायला तिचं मन तिथे राहिलंच नाही. कारण तिच्या पोराचं, हनुमानचं लग्न लाइटीपायीच अडलं होतं. मुरबाडकडची प्रेमा हनुमानला पसंत होती, तीही त्याला नाही म्हणाली नव्हती. तिचा बाप कमळू तेवढा हटून बसला होता, की अंधारात पोरगी द्यायची नाही. भिमीने त्याच दिवशी त्याला सांगावा धाडला, की वाडीत लाइट आली, शनिवारी जेवायला या.

शनिवारी दिवस बुडाला आणि जनरेटर धडधडायला लागला. डिझेलचा काळा धूर वाडीभर झाला, पण बल्ब पेटले. भिमीला रडूच आलं. कुडाचं सारवण कुठे कुठे निघालंय, हे तिला रात्रीचं पहिल्यांदा दिसलं. कोंबडीचा रस्सा रटरटत होता. कमळू बरोबर बल्बखाली बसला, वर बघून त्याने मान डोलावली आणि वैशाखात उरकून टाकू म्हणाला. हनुमान लाजून दाराबाहेर गेला.

तेवढ्यात मुंबईचे पाहुणे तीन गाड्या घेऊन आले. आत गारवा टिकावा म्हणून ड्रायव्हरांनी इंजिनं चालूच ठेवली. साडेआठला शिट्टी वाजली, तसे घरोघरचे बल्ब पटापट विझले. भिमीचा तेवढा जळत राहिला. काळोखाच्या फोटोत हा ठिपका येतोय म्हणून फोटोवाला कुरकुरायला लागला. शेठ मुंबईच्या एका बाईंना घेऊन दारात आला. एका दिव्यानेही धरणीमातेला किती ताप होतो, हे बाईंनी फार गोड आवाजात समजावलं. भिमी रस्सा वाढत होती.

“पावण्यांचं जेवण होऊ द्या,” ती म्हणाली, “मंग विझवते.”

शेठने आधी चुचकारलं, मग डोळे वटारले. भिमी बटणाला पाठ लावून उभी राहिली. शेवटी त्याने जनरेटरवाल्याला खूण केली. कमळूचा घास हातातच राहिला. बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला.

तास पुरा व्हायची वाट कोण बघतो? फोटो मिळाले होते आणि डास चावत होते. पाहुणे गेले, पाठोपाठ टेम्पोत घालून जनरेटरही गेला, त्याला मुरबाडला हळदीला पोचायचं होतं. भिमी अंधारात बटण खालीवर करत राहिली. शेठ समोर असता तर त्याच्या डोक्यावर तिने रश्शाचं पातेलंच उपडं केलं असतं.

“भिमीबाय, लाइट परत कधी येल?” कमळूने विचारलं.

उद्या, असं म्हटलं असतं तर पोराचं लग्न लागलं असतं. शब्द ओठांवर आलाही होता. पण भिमीला आज खोट्याचा वीट आला होता.

“पुढल्या साली,” ती म्हणाली. “विझवायला येतील, तवा.”

भिमीने रॉकेलची चिमणी लावली. त्या उजेडात कमळूने हात धुतला, वहाणा शोधल्या आणि हनुमानकडे न बघता पायांत घातल्या.

आठवड्याने पेपरात फोटो आला, नुसता काळा चौकोन. पृथ्वीसाठी वाडीने आपणहून अंधार पत्करला, असं खाली छापलं होतं. साईनाथशेठने तो फोटो फ्रेम करून ऑफिसात लावला आणि भारनियमनातही लोकांना दिसावा म्हणून त्यावर इन्व्हर्टरची ट्यूबलाइट बसवून घेतली.