बरणीतले प्रायमर

टपालाची गाडी अंगणात लावून आर्डिस स्लेटन गॅरेजमध्ये शिरली, तेव्हा तिचा नवरा ऑर्विन भलताच खुशीत होता. त्याने कामाचं टेबल लख्ख पुसून ठेवलं होतं. मधोमध जॅमची काचेची बरणी होती, आणि ती प्रायमरांनी अर्धी भरली होती.

"बघ," तो म्हणाला, "किती खोकी पडली होती! सगळं एकात केलं. अडगळ गेली."

आर्डिसने अजून कोटही काढला नव्हता. दिवसभर बर्फातून टपाल वाटून तिचे खांदे भरून आले होते. ती दारातच उभी राहिली.

प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडात बसणारी मसुराएवढी टोपी. चाप ओढला की तिच्यावर ठोका पडतो, ठिणगी उडते आणि पुंगळीतली दारू पेटते. त्यात साधे असतात आणि मॅग्नम असतात. मॅग्नमची आग मोठी. पण दोन्ही दिसायला जुळे भाऊ. खोक्यावरचं नाव गेलं की खुद्द देवालाही ओळखता यायचे नाहीत. दारू साध्याच्या हिशेबाने भरलेली आणि बुडात नकळत मॅग्नम गेला, तर रायफल हातातच फुटायची.

आणि हे तिला शिकवलं होतं ऑर्विननेच. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, याच टेबलापाशी. एका वेळी टेबलावर एकच खोकं. दुसरं कपाटात, कपाट बंद. एकदा सख्ख्या मेव्हण्याने दोन खोकी शेजारी शेजारी उघडली, तर ऑर्विनने त्याला हातातली कॉफीही संपवू न देता घरी पाठवलं होतं.

"खोकी कुठे आहेत?" तिने विचारलं.

"चुलीत घातली. छान पेटली."

विसरत चाललेल्या माणसाला बोलून उपयोग नसतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि तिला त्याच्या आधीच कळलं होतं. तिने बरणी दोन्ही हातांनी, झोपलेलं तान्हं मूल उचलावं तशी उचलली आणि मागच्या पडवीत वाळूच्या बादलीत नेऊन ठेवली. मग आत येऊन रात्रीच्या जेवणाचे बटाटे सोलायला बसली.

शिकारीचा शेवटचा आठवडा उरला होता. आर्डिसकडे एल्कच्या, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या, मादीचा परवाना होता. ती एक मिळाली की हिवाळाभर मांसाची चिंता नसे. यंदा ऑर्विन डोंगरात जाणार नव्हता. त्याच्या हाती रायफल द्यायची नाही, हे दोघांत न बोलता ठरलं होतं. पण काडतुसं तो भरणार, असं त्याने उन्हाळ्यापासून धरून ठेवलं होतं. आणि आता भरायची म्हटली तरी घरात नाव माहीत असलेला एकही प्रायमर नव्हता.

दुसऱ्या दिवशी टपाल संपवून ती लाइल केसलच्या दुकानात गेली. खिळ्यांपासून मासेमारीच्या गळापर्यंत सगळं तिथे मिळे. लाइल आणि ऑर्विन धान्याच्या कोठारावर बरोबर काम केलेले.

"साधे नाहीत गं," लाइल म्हणाला. "वसंतात आले आणि आले तसे गेले. आता आहेत ते मॅग्नम."

"दुसरं काहीच नाही?"

"पिस्तुलाचे आहेत. ते तू घेणार नाहीस आणि मी देणार नाही."

"आमची दारू साध्यांवर बसवलेली आहे, लाइल. मॅग्नम घालायचे म्हणजे परत खालून सुरुवात."

"मग कर की. पुस्तकातला सगळ्यात कमी आकडा धर, खडीच्या खाणीत जाऊन बार टाक, पुंगळ्या फुगल्या-चिरल्या का बघ, मग ठरव. थंडीत उलट मॅग्नमच बरे पडतात." तो काउंटरवरून पुढे वाकला. "नाहीतर असं कर. ती बघ, त्या फळीवर तयार काडतुसं. एक खोकं उचल आणि घरी जाऊन झोप. तोंड बघ जरा आरशात, सुकलेल्या सफरचंदासारखं झालंय. कुणाला कळणार आहे?"

"ऑर्विनला कळेल."

"कळेल?"

बोलून गेल्यावर लाइल काउंटरवरचे पेन्सिलींचे तुकडे नीट लावू लागला.

"मला तसं म्हणायचं नव्हतं," तो म्हणाला.

"तसंच म्हणायचं होतं. आणि तुझं काही चूक नाही."

ती दोन फळ्यांच्या मधे उभी राहिली. विकतचं काडतूस म्हणजे विकतचा वाढदिवसाचा केक, असं ऑर्विन म्हणत असे; पोट भरतं, पण घरचं नव्हे. तिला त्या अभिमानाचं आता काही उरलं नव्हतं. तयार खोकं उचलायला हात खरंच पुढे झाला होता. पण मग भरायचं काही उरलं नसतं आणि गॅरेजला कुलूप लागलं असतं. आणि कुलूप लागल्यावर हा माणूस दिवसभर बसणार कुठे? खिडकीपाशी? तिने मॅग्नमचं खोकं घेतलं.

रविवारी चर्चहून आल्यावर दोघं टेबलापाशी बसली. तिने खोकं उघडून समोर ठेवलं, पुस्तक उघडलं, तराजू पुसला.

"पुस्तक कशाला?" ऑर्विन म्हणाला. "नेहमीइतकी घाल."

"हे मॅग्नम आहेत. कमी घालायची."

"नेहमीइतकी घाल म्हणतो ना! तू मला शिकवणार?"

"नाही घालणार, ऑर्विन."

या टेबलापाशी ती आजवर त्याला कधी नाही म्हणाली नव्हती. स्वयंपाकघरात म्हणाली होती, गाडीत तर रोजच, पण इथे नाही. तो उठला आणि दार आपटून बाहेर गेला.

आर्डिसने तराजू झाकून ठेवला. भांडणाच्या भरात दारू मोजायची नसते. तेव्हा तिने राहिलेलं दुसरं काम काढलं. पडवीत जाऊन बादलीतल्या बरणीत ती इंजिनचं जुनं तेल हळूहळू ओतू लागली. मुरले की प्रायमर बरेचसे मरतात, मग टाकून देता येतात. तेवढ्यात मागून पावलं वाजली.

भांडण त्याच्या मनातून पुसून गेलं होतं. तो बादलीवर वाकला.

"हे काय? काचेत सुटे प्रायमर? कुठले आहेत?"

"माहीत नाही. सगळे मिसळलेत."

"मिसळले? कुठल्या गाढवाने मिसळले?"

आर्डिसने तेलाचा डबा खाली ठेवला.

"मी," ती म्हणाली.

मग ऑर्विनने तिला जे झापलं, ते अगदी पूर्वीच्या आवाजात. अक्कल गहाण टाकली होतीस का? बरणी हातातून निसटली असती तर? ज्याचं नाव माहीत नाही ते काडतुसात जात नाही, किती वेळा सांगितलं? उद्या रायफल तोंडावर फुटली म्हणजे मी टपालाच्या गाडीला काय सांगू? एक शब्द अडखळला नाही, एकही वाक्य अर्ध्यावर सुटलं नाही. ती थंडीत हात काखेत घालून ऐकत होती. पाय दुखत होते. पण त्याने थांबू नये असं तिला वाटत होतं.

"चल," शेवटी तो म्हणाला. "बस. दाखवतो परत."

त्याने प्रायमर बसवायचं हत्यार हातात घेतलं, पहिली पुंगळी लावली, मूठ दाबली. अंगठा बुडावरून फिरवला. परत फिरवला. मग पुंगळी खिडकीच्या उजेडात धरली.

"आर्डिस, हा उलटा बसलाय ना?"

"हो."

त्याने ती पुंगळी टेबलावर उभी केली. मग त्याने हत्यार तिच्या पुढ्यात ठेवलं.

"तूच कर. मी पुंगळ्या देतो."

तिने उलट्या प्रायमरची पुंगळी बाजूला ठेवली. तो एकेक पुंगळी पुसून तिच्या हातात देत गेला आणि ती प्रायमर बसवत गेली. दारू तिने कमी घातली. त्याने पुढची पुंगळी पुढे केली.

सोमवारी खाणीत तिने बार टाकून पाहिले. पुंगळ्या न फुगता, न चिरता निघत होत्या, गोळ्या हाताच्या पंज्यात मावतील इतक्या जवळ लागत होत्या. एवढ्यावर भागणार होतं.

मादी मिळाली ती शुक्रवारी. कडाक्याच्या गारठ्यात, पाइनच्या रानाच्या कडेला. बार चोख झाला. पण त्यापुढे तिच्याने होईना. मादीची आतडी काढून झाल्यावर ती बर्फातच बसून राहिली. मादी ओढून न्यायला लाइल स्लेज, म्हणजे बर्फावरची घसरगाडी, घेऊन आला नसता तर ती तिथेच बसली असती.

ती आणि लाइल घरी आले तेव्हा ऑर्विन घरातल्या सपाता घालूनच बाहेर धावला. त्याने मादीच्या मानेवरून हात फिरवला, जखम बोटाने चाचपली.

"एका गोळीत? कुणी मारली?"

"मी."

"शाबास!" तो मनापासून म्हणाला. "ऑर्विनला सांग हं. खूश होईल."

लाइलने तोंड फिरवलं आणि दोराची गाठ सोडू लागला.

"सांगते," आर्डिस म्हणाली. त्याच्या सपाता बर्फाने भिजल्या होत्या. तिने त्याला दंडाला धरलं आणि आत नेलं.