बोटाने वाचलेली चिठ्ठी

छापलेलं अक्षर साऱ्या जगाला फसवू शकेल, पण मुद्रितशोधकाला नाही, असं प्रतापराव चाळीस वर्षं सांगत आले होते. मंगळवारी सकाळी नऊ वाजता त्यांना ओट्सचा डबा वाचता येईना.

डबा इंग्रजीत होता, म्हणून त्यांनी आधी इंग्रजीला दोष दिला. मग पुण्याहून आणलेलं कॅलेंडर पाहिलं. अक्षरं काळी, ठळक, जागच्या जागी होती. फक्त बोलत नव्हती. चष्मा पुसला, दुसरा लावला. अक्षरं आणखी ठळकपणे गप्प राहिली.

लेक भार्गवी ऑफिसला गेलेली. ओंगार नावाच्या त्या परदेशी उपनगरातल्या तिच्या घरात संध्याकाळपर्यंत ते एकटेच.  त्यांनी कागदावर स्वतःचं नाव-गाव लिहून पाहिलं. हात झरझर चालला, पण लिहिलेलं वाचता येईना. म्हणजे आपल्यातला लेखक शाबूत आहे, वाचक तेवढा गेला. असे लेखक त्यांनी जन्मभर पाहिले होते. आज मात्र हसू आलं नाही. वाचणं गेलं तर मागे उरणार काय? पेन्शन आणि गुडघे.

तेवढ्यात प्रेसच्या दारावर भार्गवीची चिठ्ठी दिसली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. आयुष्य छापखान्यात काढलेल्या माणसाला हे अजून पटलेलं नव्हतं. काय लिहिलं असेल? काल आपल्या हातून नळ चालू राहिला होता. तिने आपलं परतीचं तिकीट काढलं की काय?

छापखान्यात शंका आली की ते अक्षर तळहातावर गिरवून बघत. आताही बोट आपसूक चिठ्ठीवर फिरायला लागलं. काना, मात्रा, वेलांटी. डोळे ढिम्म, पण बोटाला कळत होतं! घाम पुसत, एकेक अक्षर जुळवत पाऊण तासात दोन ओळी लागल्या.

'बाबा, काहीही वेगळं वाटलं तर लगेच फोन करा. ग्रीन बिन बाहेर ठेवा.'

ग्रीन बिन म्हणजे रद्दीचा हिरवा डबा, कचरागाडीसाठी दाराबाहेर ठेवायचा. वाचता येत नाही हे लपवावं असं दहा वेळा मनात आलं. पण मजकूर तपासून झाला होता. आता त्याकडे दुर्लक्ष करणं धंद्याला धरून नव्हतं. फोनमध्ये तिच्या नावापुढे फोटो होता, नशीब.

"भार्गवी, मला वाचता येत नाहीये."

"चष्मा कुठे ठेवलात?"

"चष्मा नाही गं, डोकं."

 पलीकडे आवाज चिरकला. "बाबा, खाली बसा. अजिबात हलू नका. ॲम्ब्युलन्स पाठवते, मी निघालेच."

पंधरा मिनिटांत ॲम्ब्युलन्स आली. दाढीवाल्या माणसाने पक्षाघात आहे का ते पाहायला हसायला लावलं, हात उचलायला लावले, एक कागद वाचायला दिला आणि तो वाचता आला नाही तेव्हा गंभीर चेहऱ्याने "यू आर ग्रँड" म्हणाला. या देशात 'सगळं ठीक आहे' अशा अर्थाने हे कशालाही म्हणतात, हे प्रतापरावांना ठाऊक होतं. 

स्ट्रेचर दारातून निघालं तसं त्यांनी त्या दाढीवाल्याची बाही धरली. तो काळजीने खाली वाकला.

"तेवढा ग्रीन बिन बाहेर ठेवता का?" प्रतापराव इंग्रजीत म्हणाले. "मी वाचलंय तसं."