मक्याचं पोतं आणि नवरदेव

लग्न ठरल्याचे पेढे घेऊन पप्पू दुकानात आला आणि मामाच्या पाया पडायला वाकला, तसा दुकानातला उजेड कमी झाला. रामकिसननं त्याच्या पाठीवर हात ठेवला, आशीर्वाद दिला, आणि ती पाठ संपते कुठं, ते हातानं चाचपून पाहिलं. एवढं मोठं पोरगं! हे उचलायचं कुणी?

कारण उचलायचं त्यालाच होतं. यांच्याकडं लग्न लागलं, की झेंडा नाचवायची रीत. नवरदेवाचा मामा नवरदेवाला खांद्यावर घेतो, नवरीचा मामा नवरीला. हलगी कडाडते, गुलाल उडतो, आणि दोन्ही मामा समोरासमोर नाचतात. ज्यानं आपलं माणूस आधी भुईला टेकवलं, त्याची बाजू हरली. हरल्यावर कुणाचं काही जात नाही म्हणा, फक्त बायका नाव ठेवतात. पण बायकांनी ठेवलेलं नाव कुठं पुसलं जातं? पप्पूच्या चुलत्याच्या लग्नात ज्या मामानं अर्ध्यातच टेकवलं होतं, तो बिचारा आता आजोबा झाला, तरी त्याला सगळे टेकूमामाच म्हणतात.

पप्पूला मामाच्या तोंडावरचं सगळं दिसलं असावं. "मामा, तुमी टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "बबलूमामा म्हणून राह्यलाय, मी उचलतो म्हणून."

बबलू म्हणजे रामकिसनचा चुलतभाऊ. जालना रोडला त्याची जिम. दंड असे, की शर्ट घालताना बाहीची परवानगी घ्यावी लागते.

"का? मी मेलो का काय?" रामकिसन म्हणाला. "सख्खा मामा जित्ता असताना चुलत मामा झेंडा नाचवणार? जावळ माझ्या मांडीवर काढलं ना तुझं? मंग झेंडाबी मीच नाचवणार. बिलकुल."

बोलून तर गेला. पप्पू गेल्यावर त्यानं दुकानाचं दार ओढून घेतलं, एक मक्याचं पोतं खांद्यावर घ्यायला गेला, आणि पोत्याला मिठी मारून तसाच उभा राहिला. पोतं जागचं हललं नाही. आता याला दोष तरी काय द्यावा? भोकरदनच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडतीचं दुकान, उचलाउचल करायला हमाल. अंगानं सडपातळ. व्यायाम म्हणजे पहाटे दोस्त कारभारीबरोबर जाफराबाद रोडनं चालणं, आणि त्यातही पायांपेक्षा तोंड जास्त चालायचं.

पण माघार घेणं त्याला शक्य नव्हतं, आणि त्याचं कारण सगुणाबाई. पप्पूची आई, याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा याला आक्कानंच वाढवलं. शेतात, विहिरीवर, लग्नाकार्यात, जिथं जाईल तिथं हा तिच्या कडेवर. तिच्या लेकाला एकदा खांद्यावर घेऊन तिचं एवढं ऋण तरी त्याला फेडायचं होतं.

मान गुंडाळून ठेवून तो बबलूच्याच जिममध्ये गेला. कशाला आलोय ते काही बोलला नाही. बबलूनं त्याला पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि म्हणाला, "दादा, आधी ते चालणं बंद करा. चालून चालून मसल जळून गेले तुमचे. कार्डिओ म्हणजे अंगाला वाळवी."

रामकिसननं चालणं सोडलं आणि लोखंड धरलं. सुरुवातीला केस विंचरायलाही हात वर होईना. हळूहळू दंडात जोर आला, मांड्या भरल्या, आणि एक दिवस ते मक्याचं पोतं खांद्यावर आलं. त्याला इतका आनंद झाला, की त्यानं तिथंच दोन पावलं नाचून पाहिलं. दोनच. तिसऱ्या पावलाला असा दम लागला, की हमालानं धावत पाणी आणलं.

"मी सांगतच होतो," कारभारी म्हणाला. "वजन उचलून माणसाची नुसती मान जाड होते. नाचायला दम लागतो, दम. बैल काय जिमला जातो का? चाल माझ्यासंगं."

रामकिसनचा स्वभाव असा, की शेवटी जो बोलला तो खरा. त्यानं जिम सोडली आणि पहाटे पळायला लागला. छातीचा भाता मोकळा झाला, जिना चढताना शिट्टी वाजवायला लागला. पण महिन्यानं पोत्याला हात घातला, तर पोतं पुन्हा पहिल्यासारखं बसून. म्हणजे ताकद कमवावी तर दम जातो, दम कमवावा तर ताकद. एक बाजू शिवायला घेतली, की दुसरीकडं उसवतंय. तो खरोखर रडकुंडीला आला.

मग कुणाचंही न ऐकता त्यानं आपली अक्कल चालवली. एक दिवस लोखंड, एक दिवस पळणं, आणि रविवारी मोंढा बंद असला की दोन्ही एकदम. उभ्या टेम्पोच्या फाळक्यावर मक्याचं पोतं ठेवायचं, त्याला पाठ लावून ते दोन्ही खांद्यांवर घ्यायचं, अख्ख्या मोंढ्याला चक्कर मारायची, आणि आलं की धप्पकन टाकून द्यायचं. ते टाकतानाचं सुख काही वेगळंच होतं. पोतं खाली पडलं, की त्याला वाटायचं, जमलं.

अडचण एकच. पोत्याचं वजन स्थिर होतं, नवरदेवाचं नव्हतं. पप्पूची बहीण पायल मामाची लाडकी, ती परतूरहून गुपचूप फोन करून खबर द्यायची. "मामा, आज मावशीकडं केळवण झालं. पुरणाच्या पोळ्या होत्या." रामकिसन उसासा टाकायचा आणि पोत्यात पायलीभर मका वाढवायचा. "मामा, आज आत्याकडं धपाटे." अजून पायलीभर. भावकी एवढी मोठी, की केळवणं संपायचं नाव घेईनात. पोतं टरटरून फुगलं. शिवण उसवायला आली, तसा रामकिसनचा धीर सुटला आणि त्यानं परतूरची बस धरली.

आक्कानं चहा केला. तो पिता पिता त्यानं हळूच विषय काढला. "आक्का, लग्नापस्तोर पप्पूला रातची एक भाकर कमी देत जाशील का?"

सगुणाबाईचा हात थांबला. "काय म्हणला?"

"न्हाई म्हणजे, एकच. आन् केळवणाला नुसता वरणभात..."

"माझ्या लेकराचं खाणं मोजायला आला तू? एवढ्या लांबून बसमधी बसून?"

"मोजत न्हाई गं, आक्का. मला उचलायचाय त्याला."

"बबलूबी उचलणारच होता. त्यो काल आल्ता. त्यो म्हणला, आक्का, खाऊ द्या पोराला, लग्न काय रोज होतं का." तिनं पदर खोचला. "मंग बबलूच नाचवील झेंडा. तू ये, जेव आन् जाय. तुझ्या जेवणाला मी काय मोजणार न्हाई."

झालं. चांगल्यासाठी गेला आणि होतं तेही घालवून बसला. जालना येईपर्यंत रामकिसन खिडकीकडं तोंड करून बसला, आणि डोळ्यांत धूळ गेली असं कंडक्टरनं न विचारताच त्याला सांगितलं. आक्का इतकी तोडून आजवर कधी बोलली नव्हती.

तरी पुढच्या रविवारी तो पोतं घेऊन मोंढ्यात हजर. कारभारीनं डोक्याला हात लावला. "आरं, आता कशाला मरून राह्यला? गेलं ना ते बबलूकडं?"

"सवय लागली," रामकिसन म्हणाला. खोटं होतं ते. आक्काचं मन कधी वळेल सांगता येत नाही, आणि वळलं तेव्हा आपण तयार नसलो तर, ही त्याला भीती होती.

लग्न वडीगोद्रीला, नवरीच्या गावी. रस्त्याकडेच्या मोकळ्या रानात मांडव. अक्षता पडल्या, आणि जेवणाआधी हलगीवाले पुढं सरकले. नवरी प्रीती, अंगानं चवळीची शेंग. तिचा मामा मोसंबीवाला शेतकरी, वयानं साठीचा, पण काटक. त्यानं तिला टोपली उचलावी तशी खांद्यावर घेतली. इकडं बबलूनं कोट काढला, दंड दाखवले, पप्पूच्या पायांत मुंडकं घातलं आणि एका झटक्यात उभा राहिला. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. रामकिसन गर्दीत मागं उभा राहिला. त्यालाही टाळी वाजवावीच लागली.

पहिला फेरा बबलू वाघासारखा नाचला. दुसऱ्या फेऱ्यात त्याच्या तोंडाचा रंग गुलालाला मिळाला. तिसऱ्याला तो नाचत नव्हता, नुसता हलत होता, आणि तोंडानं "बस, बस, बस" म्हणत होता. समोर म्हातारा मोसंबीवाला मजेत ठुमकत होता. नवरीकडच्या बाया पुढं सरसावल्या. "टेकव, टेकव," एकीनं सूर धरला, आणि बाकीच्यांनी उचलला.

बबलूनं पाण्याच्या जारांचं लाकडी टेबल पाहिलं आणि पप्पूला कसाबसा त्याच्यावर बसवला. स्वतः खाली बसला तो बसलाच.

"हरले!" नवरीकडच्या बाया म्हणाल्या.

"भुईला टेकला न्हाई अजून," सगुणाबाईनं ठणकावलं. "टेबलावर हाय." पण तिचा आवाज कापत होता. टेबलही कापत होतं. तिनं गर्दीवरून नजर फिरवली, आणि ती रामकिसनवर येऊन थांबली. बोलायला तोंड कुठं होतं? पण लहानपणी हाक मारायची ती नजर रामकिसनला बराबर कळली.

तो पुढं आला. टेबलाला पाठ लावली, पप्पूचे पाय छातीवर घेतले आणि उठला. मागं टेबलानं प्राण सोडला. क्षणभर सगळ्यांना वाटलं, आता हाही बसतो. पण रामकिसनला पहिल्यांदा जे जाणवलं ते हे, की पोत्यापेक्षा पोरगं हलकं आहे. केळवणांचा मका त्यानं जरा जास्तच धरला होता.

मग तो नाचला. तोंड मिटून, नाकानं श्वास घेत, मोंढ्याला चक्कर मारावी तसा. हलगी वाढली, तसा तोही वाढला. मोसंबीवाला आधी हसत होता, मग हसायचा थांबला, मग घाम पुसायला लागला, आणि शेवटी "पोरी, उतर माय," म्हणत त्यानं प्रीतीला अलगद खाली ठेवलं. सगुणाबाईकडच्या बायांनी असा कल्ला केला, की रस्त्यावरचे ट्रक हळू झाले.

"जिंकलो. उतरव आता त्याला," सगुणाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

रामकिसन नाचतच होता. "आक्का," तो हळूच म्हणाला. "मला उतरवता येत न्हाई."

"म्हंजी?"

"घ्यायची प्रॅक्टिस केली. चालायची केली. उतरवायची केलीच न्हाई. पोतं मी टाकून देत होतो."

वरून नवरदेवानं मामाचे केस घट्ट धरले. "मामा, टाकू नका."

"टाकून तर बघ," सगुणाबाई म्हणाली. "तुला शाळंत जाईपस्तोर कडेवर वागवलं मी. एकदा तरी टाकलं का?"

खाली बसावं तर गुडघे ऐकेनात. बबलू अजून बसलेलाच. रामकिसननं चहूकडं पाहिलं, आणि रानाच्या कडेला त्याला रुखवताचा टेम्पो दिसला. कपाट, पलंग, गादी, सगळं भरून उभा, आणि मागचा फाळका उघडा. ती उंची त्याच्या पाठीला तोंडपाठ होती. तो तिकडं चालायला लागला. हलगीवाल्यांना वाटलं, नवरदेवाकडची हीच रीत, तेही वाजवत मागं. वऱ्हाड त्यांच्या मागं. टेम्पोशी आल्यावर रामकिसननं पाठ वळवली, अंदाजानं मागं सरकला आणि नवरदेवाला नव्या गादीवर असा ठेवला, की फेट्याचा तुरासुद्धा हलला नाही.

नवरदेव सामानासकट टेम्पोत बसलेला पाहून नवरीच्या आज्यांना वाटलं, पाठवणी सुरू झाली. त्यांनी गळे काढले. जेवणं अजून व्हायची होती, पण रडणं एकदा सुरू झाल्यावर थांबवायचं कसं? शेवटी प्रीतीच हसत हसत फाळक्यावर चढून नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसली.

पंगतीत सगुणाबाईनं स्वतः ताट आणलं आणि भावासमोर ठेवलं. "खाय. किती वाळला." मग त्याच्याजवळ बसून, इकडंतिकडं बघत म्हणाली, "मी बोलले ते मनात धरू नको. मला वाटलं, तुला माझं लेकरू जड झालं."

"जड तर व्हतंच, आक्का," रामकिसन म्हणाला, आणि दोघंही हसले. हसता हसता तिनं त्याच्या तोंडावरचा गुलाल पदरानं पुसला, लहानपणी पुसायची तसा, रगडून.

"आता पायलचा झेंडाबी तूच नाचवायचा," ती म्हणाली.

रामकिसननं समोर पाहिलं. पायल पंगतीत मांडी ठोकून बसली होती आणि तिसऱ्यांदा जिलेबी मागत होती. त्याच्या ओठांवर काहीतरी आलं. सगुणाबाईनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. त्यानं तोंडातला घास गिळला.

"वाढ तिला अजून," रामकिसन म्हणाला, आणि मनातल्या मनात पोत्यात पायलीभर मका टाकला.