रॉमधला मामा

उत्कर्षाच्या बारशाचे फोटो मी काढले, शाळेच्या पहिल्या दिवसाचे मी काढले, आणि लग्नाचे मात्र तो अमरेश काढणार! मी तिचा सख्खा मामा, मोडनिंबात माझा स्वतःचा स्टुडिओ. तरी भाचीनं सोलापूरचा माणूस धरला.

"मामा, तो रॉमध्ये काढतो. अंधारात आलेलं तोंडबी नंतर उजळता येतंय," ती म्हणाली. "तुझं जेपीजी म्हंजे निघालं तसं निघालं."

माझं निघतं तेच चांगलं निघतं! पंगत उठायच्या आत फोटो पाहुण्यांच्या मोबाइलवर. हा रॉवाला जड फायली घेऊन महिनाभर घासत बसणार. पण मला विचारतो कोण? अंगाची नुसती लाहीलाही झाली. लग्नाच्या दिवशी फेटा बांधला आणि कॅमेराही गळ्यात अडकवला. त्याच्यापेक्षा एक तरी फोटो सरस काढायचाच होता.

मंगलाष्टकांना मामानं नवरीच्या पाठीशी उभं राहायचं असतं. राहिलो. समोर अमरेश गुडघ्यावर बसलेला. आमच्या मागं भला मोठा लखलखता पडदा. सगळा उजेड पाठीमागं, आता त्याच्या फोटोत आमची तोंडं काळीठिक्कर येणार, या विचारानं मला बरं वाटलं. मी कॅमेरा तिच्या खांद्यावरून पुढं धरला आणि बटण दाबत सुटलो. अक्षता पडल्या. माझ्या फोटोंत फक्त तिचा अंबाडा आला होता.

उत्कर्षा माहेरी आली तेव्हा तिनं मोबाइल पुढं केला. अमरेशनं मंगलाष्टकांतला एक फोटो आधी जसा आला तसा पाठवला होता. सगळे काळे.

"बघ! सांगत हुतो की न्हाय?" मी जवळजवळ टाळीच वाजवली.

तिनं बोट सरकवलं. तोच फोटो, पण उजळलेला. उत्कर्षानं मान मागं वळवली होती. डोळे भरलेले, ओठ मुडपलेले, ती माझ्याकडं बघत होती. आणि मी तिच्या डोक्यावरून, कॅमेरा छातीशी धरून, अमरेशकडं खाऊ का गिळू असा बघत होतो. कपाळावरची आठीन् आठी दिसत होती.

"मी तुला बघत हुते, मामा," ती हळूच म्हणाली. "तू कुटं बघत हुतास?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांगला काढला होता मेल्यानं, फार चांगला.

"अल्बमात पहिल्या पानावर घाल, बाळा," मी म्हणालो. "पण तो काळाच घाल."